इनासकाकांची उंच जीप

इनासकाका पाहुण्याच्या चेहऱ्याकडे आधी पाहत नाहीत. ते त्याच्या गाडीखाली पाहतात. माझे त्यांच्याशी पहिले संभाषण त्यांच्या पायांशीच झाले. मी उतरण्यापूर्वीच ते माझ्या गाडीखाली शिरले होते आणि आतून आवाज आला, "तेल गळता गो तुझा. बरी आसस मा?"

रेडी बंदराला खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या दुरुस्तीत उमेदीची वर्षे घालवून काका दोडामार्गजवळच्या आपल्या काजूबागेत परतले. बागेत अवजारे आणि पोती ठेवायचा मांगर होता. तिथे त्यांनी कार्यशाळा थाटली. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी शेजारच्याच गावी काजूच्या बोंडांवर प्रक्रिया करणारा उद्योग उभारत होते आणि मलाही अशी कार्यशाळा हवी होती. वेल्डिंगचे यंत्र कोणते घ्यावे, कॉम्प्रेसर केवढा असावा, असे माझे प्रश्न तयार होते.

"मशीन मगे," काका म्हणाले. "आदी कोबो घाल. लाल मातीत जॅक रुतता. मगे तू गाडीखाली आनी आमी तुझ्या तेराव्याक. जॅकाखाली चिरो तर कदीच घालू नको. घर बांधूक बरो, पन तो सांगान फुटना नाय. जाड फळी घाल."

जांभ्या दगडाची भार पेलण्याची क्षमता चिऱ्यागणिक बदलते, हे मी सविस्तर मांडले. "म्हंजे माझाच खरा," त्यांनी निष्कर्ष काढला. अतिनम्रतेचा आरोप त्यांच्यावर कोणीही केलेला नाही.

गाडीत बदल करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ते बजावत, "आदी टायर, मगे ब्रेक, मगे नट्टापट्टो." स्वतःच्या जीपच्या बाबतीत मात्र त्यांनी हे शास्त्र गुंडाळून ठेवले. ही जुनी, चारही चाकांना ओढ असलेली जीप त्यांनी घेतली होती ती पत्नीसाठी. ओहोळापलीकडच्या तुकड्यात रोजाकाकींनी मिरीचे वेल लावले होते, आणि गुडघे दुखू लागल्यापासून त्यांना तिथवर चालवत नव्हते. पावसाळ्यात ओहोळ भरला की जीपही अडे. म्हणून काकांनी ती उंच करायला घेतली. कमानींना पाटे वाढवले, कमानी टांगायची लांब शॅकल लावली, मोठे टायर चढवले, ब्रेकच्या नळ्या बदलल्या. गुरुत्वमध्य वर जातो आहे, उतारावर गाडी कलंडेल, असे मी दर वेळी गणित करून दाखवी. काका ते मान्य करून चाकांमधले अंतर वाढवत आणि मग निर्धास्तपणे आणखी उंची वाढवत.

एका रविवारी रोजाकाकी चर्चला जाण्यासाठी तयार होऊन जीपजवळ आल्या. सीट त्यांच्या छातीशी आली होती.

"अवो, हेच्यात चढूचा कसा?"

काकांनी लोखंडी पायरी बसवली. काकींचा गुडघा तिथवर उचलेना. मग धरायला दांडा बसवला, त्यानेही भागेना. शेवटी काकांची नजर इंजिन उचलायच्या साखळी-कप्पीकडे गेली. काकींनी ती नजर ओळखली.

"माका काय काजीचा पोता समजल्यात तुमी?"

त्या दिवसापासून चर्च, बाजार, बहिणीचे घर, सर्वत्र काकी रिक्षाने जाऊ लागल्या. ओहोळापलीकडे रिक्षा जात नव्हती. "वेल कसे आसत?" त्या विचारत. "हिरवे," काका सांगत. त्यांचा वनस्पतिशास्त्रीय अहवाल एवढ्यावरच संपे.

ओहोळ तुडुंब भरला त्या दिवशी काकांनी मला चाचणी पाहायला नेले. मी पुढे बसायला गेले.

"थंय नको. ती रोजाची."

मी मागे, जादा टायरवर बसले. गढूळ पाणी पायरीला लागले, पण इंजिन एकदाही अडखळले नाही. जीप पलीकडच्या काठावर चढली तेव्हा काकांचा चेहरा उजळला होता. ते डावीकडे वळून म्हणाले, "रोजा, बगलंस?"

सीट रिकामी होती. मला एकाएकी बाहेरच्या वेलांत फार रस वाटू लागला. काकांनी इंजिन बंद केले.

"वेल पिवळे पडलेत मा गो?"

"मला मिरीतले काही कळत नाही, काका."

"माका खंय कळता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांगरात गेले तेव्हा काढलेली लांब शॅकल खाली पडली होती. काका पाटे काढत होते आणि मधूनमधून हाक मारत होते, "रोजा, पाय घाल बगू." काकी पाय उचलत, मान हलवत आणि स्वयंपाकघरात परतत. मी टेप लावून उंची मोजू लागले, तर काकांनी ती काढून घेतली. "माप तिच्या गुडग्याचा." संध्याकाळी काकी एकदाच्या चढल्या, ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "हॉर्न जाग्यार आसा मा? काय तोय वर नेल्यात?"

माझ्या कार्यशाळेत आता कोबा आहे, जाड फळ्या आहेत. बोंडे पिळायच्या यंत्राची उंची मी तिथे काम करणाऱ्या बायकांना शेजारी उभे करून ठरवली. याचे श्रेय काकांना अजून दिलेले नाही. दिल्यास ते साऱ्या तालुक्याला ऐकावे लागेल.

यंदाच्या पावसात ते दोघे मला ओहोळाच्या अलीकडच्या काठावर दिसले. पाणी चढलेले, जीप थांबलेली, आणि दोघेही पुढच्या सीटवर फणसाचे तळलेले गरे खात बसलेले.

"काका, जीप उंच असती, तर एव्हाना पलीकडे असता."

"गेलो असतंय. आनी थंय जावन 'बगलंस?' म्हणान कोणाक इचारू?"

काकींनी पाण्यावरची नजर काढली नाही. "गप रवा," त्या म्हणाल्या. "उतारता ता."