डागातलं आभाळ

माझी मावशी लाँड्रीत कपड्यांवरचे डाग काढते. जन्म गेला तिचा त्यात. डाग दिसला की हात शिवशिवतात. पन्नाशी उलटल्यावर तिने रंगांची पेटी आणली, तेव्हा काका म्हणाले, "झालं! आता हे नवं खूळ."

पहिल्याच दिवशी कोऱ्या कागदावर निळ्या रंगाचा मोठा थेंब पडला. मावशीने सवयीने ओलं फडकं उचललं आणि कडेकडून आत पुसायला लागली. कापडावरचा डाग असाच निघतो. कागदावरचा निघाला नाही. फिकट होत होत पसरला आणि मधोमध पांढरा ढग उमलला. तिचा हात थबकला.

"अगं बाई! हे तर आभाळ!"

काकांनी चष्मा लावून पाहिलं आणि चक्क कौतुकाने मान डोलावली. आमच्या घरात हा चमत्कारच.

तेव्हापासून तिची सगळी आभाळं फडक्यानेच होतात, आणि एकासारखं दुसरं नसतं.

काल लाँड्रीत गेलो, तर ती कुणाचा तरी शाईने माखलेला शर्ट खिडकीतल्या उजेडात धरून उभी होती. मी म्हटलं, "मावशी, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"खोळंबू दे," ती म्हणाली. "डोळे भरून बघू तरी दे. मग मलाच पुसायचंय ना हे!"