पाईनच्या गाठी
पाईनच्या फळीवर रंधा फिरला की राळेचा गोडसर, उग्र वास सुटतो आणि मला कुरुंद्याचं, बहिणीच्या सासरचं बारसं आठवतं. पहिल्या लेकराचा पाळणा माहेरचा, आणि मी सुतार, म्हणून तो मीच केला होता. फळ्या ओल्या होत्या. त्या सावलीत रचून वाळवायच्या, गाठींतली राळ अडवायला त्यांवर लाख मारायची, हे मला चांगलं ठाऊक होतं; पण बारसं तोंडावर आलेलं, मी घाई केली. पत्र्याखालच्या उकाड्यात गाठींतून राळ पाझरली आणि बहिणीच्या लेकीचं नवं झबलं पाळण्याच्या कडेला चिकटलं. सासूबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "काहून गं, तुज्या माहेरचं लाकूड रडून राहिलं का?" बायका हसल्या. बहीण पटकन म्हणाली, "न्हाई आत्याबाई, माझाच गुळाचा हात लागला." मग दिवसभर वेंधळी म्हणून तिलाच बोलणी बसली. मी शेजारीच उभा होतो, गप्प. फळ्या ओल्या होत्या, हे आजवर बहिणीलाही सांगितलं नाही. परवा ती माझ्या दुकानात आली. त्या झबल्यातल्या लेकीलाच आता लेकरू होणार आहे, पाळणा हवाय. रचलेल्या फळ्यांवरून हात फिरवत ती हळूच म्हणाली, "दादा, ह्या बारीला बराबर वाळू दे."