तांडेलचा परराष्ट्र व्यवहार

"थांब भाऊ, आदी तोंडात फिरवून बघतो," असं म्हणून तो तळहात ओठांवर ठेवायचा, डोळे बारीक करायचा आणि वाक्य आतल्या आत बोलून पाहायचा. मग हात काढून तेच मोठ्याने म्हणायचा. वाक्य काय असायचं म्हणाल, तर 'दोन किलो कांदे दे.' समोर अरब दुकानदार तराजू धरून ताटकळलेला असे. बोलण्याआधी विचार करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, थोडी का होईना. पण कांदे घेण्याआधी इतका विचार करणारा मी तरी एकच पाहिला.

कुवेतला अहमदीत मी एका तेल कंपनीच्या ऑफिसात कारकून होतो. तो धक्क्यावरच्या लाँचचा तांडेल, म्हणजे ती चालवणारा मुख्य खलाशी. रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान. सगळे त्याला तांडेल म्हणत, मीही तेच म्हणे. मायदेशी इंग्रजाला घालवून जेमतेम आठ-नऊ वर्षं झाली होती आणि आम्ही इथे येऊन पुन्हा त्याच्याच हाताखाली बसलो होतो. ह्याची मला अधूनमधून लाज वाटे. पगाराच्या दिवशी कमी वाटे.

आता गंमत अशी की हा मनुष्य मुळात वाचाळ होता. मी नवा होतो तेव्हा त्याची अरबी बंदरभर गाजत होती. व्याकरणाची फिकीर नाही, उच्चारांची नाही, पण धिटाई अशी की खुद्द अरब बघत राहत. ती अरबी त्याला शिकवली होती खलीलने.

खलील पंपावर काम करायचा. जाफ्याचा पॅलेस्टिनी. इंग्रज तिथून निघून गेले, लढाई झाली आणि ह्याचं घर गेलं, एवढंच तो सांगे. दुपारी दोघे धक्क्याच्या सावलीत एकत्र जेवायचे. तांडेलकडे तांदळाची भाकरी आणि सुकट, खलीलकडे ऑलिव्ह आणि खुबुस, म्हणजे अरबी रोटी. सुकटीच्या वासाने बाकीचे दूर बसत, त्यामुळे दोघांना निवांतपणा मिळे.

ह्या जेवणांत खलीलने त्याला एक युक्ती दिली. अरबीत शब्दाला 'ई' जोडली की वस्तू आपली होते. बैत म्हणजे घर, बैती म्हणजे माझं घर. तांडेलला हे फारच आवडलं. आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं थोडंच असलेल्या माणसाला 'ई' फुकट मिळाली होती. तो दिसेल त्याला ती लावत सुटला. लाँच त्याची, समुद्र त्याचा आणि धक्क्याचा इंग्रज मॅनेजर, ज्याला आम्ही सगळे साहेब म्हणायचो, तो अर्थातच 'साहिबी'.

मग सुवेझचं प्रकरण उपटलं. इजिप्तने कालवा ताब्यात घेतला, इंग्रजांनी फ्रेंचांना बरोबर घेऊन विमानं धाडली. आमच्या वस्तीत रेडिओभोवती गर्दी होई आणि लंडनच्या बातम्यांचा अर्थ तांडेल सांगे. "विलायतेत दोन पार्ट्या हायत. एक बोलते कालवा आपला. दुसरी बोलते, मागायची ही रीत नाय." राजकारणावरचे पुष्कळ अग्रलेख मी पुढे वाचले, त्यांत याहून जास्त काही सापडलं नाही.

कुवेतमधले अरब कामगार संतापले. एका दिवसाचा संप ठरला. आदल्या संध्याकाळी साहेबाने तांडेलला बोलावून बजावलं, "उद्या येऊ नकोस. लाँचला काही झालेलं मला नको आहे." तांडेल घरी बसला. पुढे काही आठवड्यांनी तेलाच्या नळांवर घातपात झाला आणि कुवेतच्या राज्यकर्त्या शेखांच्या पोलिसांनी चौकशी सुरू केली. संपाला कोणी कोणी चिथावणी दिली, ह्याचा शोध लागायचा होता. तांडेललाही बोलावणं आलं. दुभाषा देतो म्हणाले, पण ह्या गृहस्थाला दुभाषा कशाला हवा!

अधिकाऱ्याने अरबीत विचारलं, "त्या दिवशी कामावर येऊ नको असं तुला कोणी सांगितलं?"

तांडेल छाती काढून म्हणाला, "साहिबी."

आपला 'साहेब' आणि अरबांचा 'साहिब' शब्द एकच. पण आपल्याकडे येता येता तो खुर्चीवर चढून बसला. अरबीत साहिब म्हणजे सोबती. साहिबी म्हणजे माझा मित्र. आणि तांडेलचा मित्र कोण, हे बंदरातल्या कोणालाही विचारलं तरी कळलं असतं.

दोन दिवसांनी खलीलला देशाबाहेर घालवलं. निरोपसुद्धा घेता आला नाही. का घालवलं, हे चौकशीच्या खोलीबाहेर बसणाऱ्या शिपायाने तांडेलला सांगितलं. तांडेल तडक माझ्याकडे आला. उभाच राहिला. "भाऊ, मी माझ्या तोंडाने त्याला खाल्ला," म्हणाला आणि माझ्या टेबलाची कड धरून लहान मुलासारखा रडला. ऑफिसातले लोक बघत होते, पण त्याला त्याचं भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो अधिकाऱ्याकडे गेला आणि झालेली चूक समजावून सांगू लागला. अधिकारी हसला. "असं असेल तर तुझ्या इंग्रजाला येऊन एक वाक्य सांगू दे, की मीच याला येऊ नको म्हटलं. मग बघू."

एकच वाक्य! आम्ही दोघे साहेबाकडे गेलो. मी दुभाषा. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, हळहळला, आणि म्हणाला, "खरं आहे, मीच सांगितलं होतं. पण मी काही करू शकत नाही. करारानुसार इथला अंतर्गत कारभार शेखांचा. आम्हा इंग्रजांकडे फक्त परराष्ट्र व्यवहार. अंतर्गत बाबतीत आम्ही ढवळाढवळ करत नाही."

मी भाषांतर केलं. तांडेलने थोडा विचार केला.

"त्यांना सांग भाऊ, खलील हितला नाय. परदेशी हाय. मग तो परराष्ट्र व्यवहार झाला का नाय?"

मला अभिमान वाटला. मोठमोठ्या वकिलांना हे सुचलं नसतं. मी ते शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितलं.

साहेब म्हणाला, "त्यासाठी खलीलला आधी एक राष्ट्र असावं लागतं." आवाजात खोच नव्हती. नियम सांगावा तसं सांगितलं. तांडेलने मला विचारलं, "काय बोल्ला?" मी सांगितलं. तो मान हलवत उठला आणि दरवाज्यापाशी जाऊन चप्पल घालायला लागला.

तेव्हापासून तो हात तोंडावर आला. अरबीतला एकेक शब्द तो आत तपासून बाहेर सोडू लागला. 'साहेब' हा शब्द तर त्याने टाकूनच दिला. मॅनेजरला तो तोंडावर 'कॅप्टन' म्हणायचा. नवे लोक त्याला देशाभिमानी समजत. मी कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

त्याने मौलवींनाही विचारलं, ही खोटी साक्ष झाली काय. मौलवी म्हणाले, नियत साफ होती, गुन्हा नाही. हे मला सांगताना तो भांडायलाच उठला. "नियत साफ हाय, बरोबर. पण खलील माझ्या नियतीत ऱ्हायला गेला नाय ना! तो निर्वासितांच्या तंबूत ऱ्हातो." मी चहा मागवला.

काही वर्षांनी कुवेत स्वतंत्र झालं. इंग्रजांचा जुना करार संपला, वस्तीत मिठाई वाटली गेली. मिठाई पचायच्या आत उत्तरेच्या शेजाऱ्याने 'हा मुलूख आमचाच' असं जाहीर केलं आणि इंग्रज सोजीर परत उतरले. भर जुलैत. गोरे पोरगे उन्हाने लालेलाल होऊन भोवळ येऊन पडत होते. तांडेल लाँचमधून बर्फाच्या लाद्या नेत होता. त्यांच्या डोक्यावर ओल्या कापडाच्या घड्याही त्यानेच ठेवल्या. साहेब धक्क्यावर खुशीत होता. मला म्हणाला, "शेखांनी विनंती केली, म्हणून आम्ही आलो."

तांडेल एव्हाना एवढं इंग्रजी समजत होता. लादी खाली ठेवून तो मला म्हणाला, "विनंती मी पण केलेली."

साहेबाने विचारलं, काय म्हणतोय. मी तेही सांगितलं. साहेब तिथून निघून गेला.

धक्क्यावर नव्याने येणाऱ्या प्रत्येक पॅलेस्टिन्याला तांडेल खलीलबद्दल विचारी. साठ साल मागे पडलं, दाढी पांढरी झाली, तरी विचारी. शेवटी एक शाळामास्तर भेटला. खलील त्याच्याच गावात, जॉर्डन नदीपलीकडे नाब्लुसजवळ राहत होता. मास्तर सुट्टीत गावी गेला आणि निरोप घेऊन आला. तो ऐकायला मी हजर होतो.

खलील म्हणाला होता, "त्याने साहिबी कोणाला म्हटलं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. जेवताना तो त्या इंग्रजाला रोज साहिबी म्हणायचा. मला हसू यायचं, म्हणून मी कधी सुधारलं नाही. चूक माझी आहे. त्याला सांग, मला माफ कर."

मला वाटलं, सुटला एकदाचा! तांडेल मात्र मटकन खाली बसला. "म्हणजे इतकी वर्सं तो पण ह्याच घेऊन बसलाय?" म्हणाला. "आनि मना वाटायचा, निदान तो तरी माझ्यावर रागावून सुखात असंल."

त्याने राजीनामा दिला. मुलगे कमावते होते, बायको मागेच वारली होती. हिशेब झाल्यावर सगळे आपल्या गावी जातात, हा नाब्लुसला निघाला. मी समजावलं, "तांडेल, अहो निरोप पाठवा. पत्र टाका."

"नाय भाऊ. त्याची चूक नाय, ह्या त्याला माझ्या तोंडून ऐकू दे. त्याचा ओझा उतरवतो. माझा ऱ्हाऊ दे माझ्याकडं."

बसऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत मी त्याला बसवून दिलं. सदुसष्ट सालच्या मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. खिडकीशी बसल्या बसल्या तो ओठ मिटून काहीतरी पुटपुटत होता, त्यामुळे मी हात हलवलेला त्याला दिसला नाही.

जूनमध्ये तिकडे लढाई पेटली आणि आठवड्याच्या आत संपली. ज्यांनी जाफ्याचं घर घेतलं, त्यांच्याच ताब्यात आता खलीलचं हे गावही गेलं आणि वाटा बंद झाल्या. लंडनच्या रेडिओवर विलायत सरकारने चिंता व्यक्त केली. तांडेलची काही खबर आली नाही, त्याच्या मुलांनाही नाही.

मास्तर मला अधूनमधून बाजारात भेटे. त्याचे आईवडील तिथेच अडकले होते. एकदा त्याने माझा हात धरला आणि विचारलं, "तुमचा तो म्हातारा, पोहोचला होता का खलीलपर्यंत?"

मला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "पोहोचला."