माझ्या तक्त्यातली कच्छची ओळ

भूकंपावर खापर फोडायला लोकांना फार सोयीचं जातं, कारण तो उलटून बोलत नाही. हे मला सुरतेतल्या नवागामच्या एका इमारतीत कळलं, आणि तेव्हापासून तिच्या मालकावरचा माझा राग उतरलेला नाही. उतरावा अशी इच्छाही नाही.

त्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत माझी मावशी राहते. खाली कापड विणायच्या लूमचा कारखाना. इमारत आणि लूम एकाच मालकाचे, आणि मावसा त्याच लूमवर कामाला. खानदेशातून आल्यापासून दोघांचा संसार त्या खडखडाटावरच उभा आहे. खालचे लूम सुरू झाले की मांडणीवरची भांडी वाजायला लागतात. मावशीला त्याची इतकी सवय, की माझ्याकडे भेस्तानला आली तर शांततेपायी तिला झोप लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांच्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत तडा गेला. नुसती रेघ नव्हे, त्यात मावशीच्या कंगव्याची कड आत जात होती. दोघं त्याच भिंतीशी डोकं करून झोपतात. शेजारच्या खोल्यांतही तीच गत. भाडेकरू मालकाकडे गेले, म्हणाले, खांब दुरुस्त करा आणि तोवर लूम बंद ठेवा. मालक वर आला, तडा पाहिला, छताकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "आ तो भूकंप छे, बेन. कुदरत आगळ कोनुं चाले?"

म्हणे निसर्गापुढे कोणाचं चालतं! उचलली जीभ लावली टाळ्याला! मावशीने फोनवर हे सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सॉफ्टवेअर लिहिते, आणि आमच्या कंपनीत मी लिहिलेलं टूल नेमकं याच कामाचं आहे. नकाशावर चौकट आखायची, तारखा द्यायच्या, किमान किती तीव्रतेचे धक्के हवेत ते सांगायचं. मग निरनिराळ्या केंद्रांनी नोंदवलेले त्या भागातले भूकंप गोळा करून ते तक्ता मांडून देतं. बांधकामाचे सल्लागार ते वापरतात. आज ते माझ्या मावशीच्या कामी येणार म्हणून मला खरं तर आनंदच झाला होता.

सुरतेभोवती चौकट आखली. तक्ता रिकामा आला. पण रिकाम्या तक्त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हे मीच ऑफिसात सगळ्यांना सांगत असते. चौकट लहान पडली असेल, तीव्रतेची मर्यादा वर राहिली असेल. म्हणून मर्यादा अगदी खाली आणली आणि चौकट वाढवत पार कच्छपर्यंत नेली. तेव्हा कुठे एक ओळ उमटली. तडा गेला त्याच्या आदल्या दिवशी कच्छात एक बारीकसा धक्का, तिथल्या लोकांनाही जाणवला नसेल असा. त्याने सुरतेतली भिंत फुटायची तर मधल्या सगळ्या गुजरातेत निदान चहाचे कप तरी हिंदकळायला हवे होते. मी तो तक्ता छापला आणि लूमच्या सुटीच्या दिवशी नवागामला गेले.

जिन्याखाली सगळे भाडेकरू जमले होते. मी कागद मालकाच्या हातात दिला. त्याने चष्मा लावला, सावकाश वाचला आणि कच्छच्या ओळीवर बोट ठेवलं.

"छे ने! तमारा ज कॉम्प्युटरमां छे."

माझ्याच कॉम्प्युटरात आहे म्हणे! माकडाच्या हाती कोलीत दिलं ते मीच! मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. धक्का कुठे, केवढा, कोणत्या दिवशी. म्हटलं, तिकडे कोणी शिंकलं म्हणून इकडचं छप्पर उडत नाही. त्याने ऐकूनच घेतलं नाही. तो भाडेकरूंकडे वळला आणि हिंदीत विचारलं, त्या संध्याकाळी जमीन हलली होती की नाही?

हलली होती! अहो, लूमपायी तिथली जमीन रोज हलते! पण हे बोलायला कोणी तोंड उघडेना. एकेक जण मान डोलवू लागला. मग माझ्या मागून ओळखीचा आवाज आला, "हालनं व्हतं, शेठ."

मावशी होती.

वर खोलीत गेल्यावर मी तिच्यावर ओरडले. मोठ्यांशी कसं बोलावं याचं भान मला उरलं नव्हतं. तुझ्या डोक्यावर भिंत पडेल, मी म्हटलं, आणि तू त्याची बाजू घेतेस? ती तांदूळ निवडत बसली होती. तिने ताट खाली ठेवलं.

"मशीन बंद पडनं तं तुना मावसा कथा जातीन? भूकंपनं नाव लिन्हं तं कोनीच रोजी जात नही."

मालकाने आदल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं म्हणे. लूम थांबले की कामगारही घरी. म्हणजे बिचाऱ्यांनी भिंत तरी वाचवायची किंवा भाकरी तरी, आणि हा हात जोडून कुदरतीचं नाव घेणार! दोघांनी माझ्याकडे राहायला यावं म्हणून मी हट्ट धरला, पण भेस्तानहून पहाटेच्या पाळीला मावसांनी पोचायचं कसं, असं म्हणून तिने तोही विषय संपवला.

मालकाने तड्यावर सिमेंटचा हात फिरवून वर चुना मारला. माझा तक्ता प्लास्टिकमध्ये घालून जिन्यात लावला, आल्यागेल्याला दिसेल असा. मी तो फाडला, तर त्याने झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या.

त्याच आठवड्यात मी पुन्हा मुक्कामाला गेले. लूम जोरात चालले होते. जेवणं झाल्यावर मावसांनी अंथरुणाची वळकटी उचलली आणि बाहेर गॅलरीत, कठड्याशी पसरली. मागोमाग मावशीने उशा नेल्या. बाहेर बोचरी थंडी होती. मी दाराशी आले, तशी तिने दोन गोधड्या अंगाभोवती घट्ट लपेटल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरमा उकडस."