काकाची उशी

आमच्या घरातलं कुणीही विमानाने येवो, आणायला जायचं ते आत्यानेच. कारण साधं आहे, ती रडत नाही. "रडून माणूस लवकर बाहेर येतं का?" असं विचारते आणि कठड्यापाशी पहिल्या रांगेत जागा पटकावते. एरवी तिचं शिवणाचं दुकान. हल्ली नवं कुणी शिवत नाही, जुनंच उसवून सैल करून नेतात. मदतीच्या बाईला तिला नको म्हणावं लागलं, तेव्हापासून दुसरं मशीन झाकलेलंच आहे.

त्या सकाळी परदेशातून धाकटा काका येणार होता. तिकडे कंपन्या धडाधड माणसं काढत होत्या. काकाने फोनवर "सुट्टीवर येतोय" इतकंच सांगितलं, आणि आत्याच्या जिवाला घोर लागला. मी गाडी चालवायला गेलो होतो. विमान उतरलं तरी काका बाहेर येईना.

"नोकरी टिकली असली म्हणजे मिळवली," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

काका हसतच आला. बॅगा नेहमीच्याच, पण काखेत उशी होती. आत्यानेच भरून दिलेली. त्या उशीशिवाय त्याला झोप येत नाही. सुट्टीभर मान आखडली म्हणून कुरकुरायचा, पण परत जायचंच असल्याने ती तिकडच्या खोलीवर ठेवून यायचा. आत्याचा चेहरा उतरला.

"किती दिवस आहेस?"

"आहे आठ-पंधरा दिवस." गाडीत बसल्यावर मात्र तो हळूच म्हणाला, "ताई, घरी इतक्यात बोलू नकोस. बायकोला मीच सांगेन."

"मग ही उशी मिरवत कुठे निघालास, शहाण्या? तिला दारातच कळेल."

उशी वाटेत दुकानात ठेवली, झाकलेल्या मशीनवर.

दुसऱ्या दिवशी आत्या दुकान उघडते तर काकू दारात हजर.

"ताई, ती उशी द्या. हे रात्रभर कूस बदलत होते."

"कुठली उशी?"

"निघताना व्हिडिओ कॉल केला तेव्हा काखेतच होती की. तेव्हाच समजले मी. हे घरी आले तर उशी गायब. तुमच्याशिवाय कोण लपवणार? सांगतील त्यांना जमेल तेव्हा. झोप तरी नीट होऊ दे."

उशी काखोटीला मारून तिने मशीनवरचं कापड उचलून पाहिलं. "मला सरळ शिलाई येते. उद्यापासून येऊ?"

आत्या तिथेच हमसून रडली. हे तिनेच मला सांगितलं, आणि कुणाला सांगू नको म्हणूनही बजावलं.