शेजारणीच्या घरचं पाणी

तिसगावच्या शाळेत मी बाई म्हणून लागले तेव्हा खोली घेऊन एकटीच राहायची. मला लघवी अजिबात धरवत नसे आणि शाळेत संडास नव्हता. म्हणून मी पाणीच तोडलं. कुणाकडे गेले, की समोर आलेला तांब्या 'नको' म्हणून परत करायची. कारण सांगायची लाज वाटे.

तीन वर्षांनी पाथर्डीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चांगलंच झापलं. "पाणी तोडू नका, त्यानं त्रास वाढतो. सकाळी एक, संध्याकाळी एक. चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. तोंडाला कोरड पडेल, पण लघवी अडली किंवा अंधुक दिसायला लागलं, तर गोळी थांबवून लगेच या." सगळं कागदावर लिहून घेतलं आणि तसंच वागले.

एका दुपारी शाळेतून परतताना जीभ टाळूला चिकटली. वाटेत शेजारणीचं घर होतं. कुटुंब बौद्ध. गावात मला आग्रहानं घरी बोलवणारी ती एकटीच, त्यामुळे तिचाच तांब्या मी सगळ्यात जास्त वेळा परत केलेला. दारात उभी राहून मी पाणी मागितलं.

ती बघतच राहिली. "आमच्या घरचं चालंल व्हय, बाई?"

तीन वर्षं ती माझं 'नको' जातीचं समजत होती, आणि मला मूर्खाला पत्ता नव्हता. मी अख्खा तांब्या प्यायले. खरं कारण तेव्हा तरी सांगायचं. तेव्हाही लाजच वाटली.

गरज पडली तेव्हाच तिचं पाणी मला चाललं, असंच तिनं धरलं असणार. पुन्हा तिनं मला कधी बोलावलं नाही.