न उघडलेलं इंजिन

माझ्या वडिलांच्या मते इंजिनाला जीव असतो, आणि तो फार नाजूक असतो. त्यांची टॅक्सी एकवीस वर्षांची. रोज सकाळी ते इंजिन चालू करून अर्धा तास तसंच ठेवत, का तर अंग गरम होऊ दे. तेवढ्यात त्यांची दाढी, चहा नि वर्तमानपत्र व्हायचं आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. चढावर मधेच थांबून, बॉनेट उघडून ते इंजिनाला दहा मिनिटं विश्रांती देत. मागे प्रवासी घड्याळ बघत बसलेले. गाडी बंद करण्याआधी तीनदा ॲक्सिलरेटर दाबायचा, म्हणजे म्हणे उद्याची सोय होते. कसली सोय, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

या सगळ्याला तोंडावर हसायची हिंमत एकट्या आत्याची, म्हणजे वडिलांच्या धाकट्या बहिणीची. ती काम करायची तो शिलाईचा कारखाना बंद पडला, तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. घरी बसायचं तिला जमणारं नव्हतं. टॅक्सी स्टँडमागच्या गॅरेजात गेली आणि काम मागितलं. तिथल्या उस्तादांनी तिला सुटे भाग धुवायला बसवलं. रॉकेलची परात, ब्रश आणि कायमची काळी नखं. धुता धुता कुठला भाग कुठे झिजतो ते तिने पाठ केलं. सहा वर्षांत प्लग, क्लच, ब्रेक सगळं तिच्या हातात आलं. राहिलं होतं ते खिडकीजवळचं लोखंडी टेबल. इंजिनं तिथेच उघडली जात, आणि तिथे फक्त उस्ताद उभे राहत.

उस्तादांचे गुडघे आता बोलायला लागले होते. एकदा ते आत्याला म्हणाले, "एक अख्खं इंजिन स्वतःच्या जबाबदारीवर उघड आणि परत उभं करून दाखव. टेबल तुझं."

पण इंजिन देणार कोण? स्टँडवर सगळ्यांची ठाम समजूत, की कंपनीने बांधलेल्या इंजिनाला एकदा हात लागला की गाडी कायमची गेली. ही समजूत पसरवण्यात सगळ्यात पुढे एक म्हातारा ड्रायव्हर होता. त्याला सगळे 'मीटर' म्हणत, कारण गाडी उभी असली तरी त्याचं तोंड चालूच असायचं.

अशात वडिलांची टॅक्सी निळा धूर सोडायला लागली. मीटरने जाड तेल घालायला सांगितलं, वडिलांनी घातलं. मग तेल काळं पडलं म्हणून ते हवालदिल झाले. "मेलं तेल!"

"दादा, भांडी घासलेलं पाणी काळं होतं, ते काय मेलं म्हणून?" आत्या म्हणाली. "मळ काढतंय ते. त्याचं कामच आहे."

धूर काही थांबेना. वार्षिक तपासणीला तीन आठवडे उरले होते. धूर दिसला तर परवाना जाणार आणि परवान्याबरोबर घरची चूल. शेवटी एका सकाळी वडील मला घेऊन गॅरेजात आले, किल्ली आत्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "उघड बाई. तुझ्याशिवाय कोणाला हात लावू देणार नाही." आत्याचा चेहरा असा उजळला, की मला तिच्या लग्नाचा फोटो आठवला.

तीन दिवस ती वडिलांच्या शेजारी बसून आरशात धूर बघत फिरली. सकाळी चालू करताना भसकन यायचा. चढावर नाही. उतार संपून ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा. मग तिने एकेक प्लग काढून आतला दाब मोजला. चारही आकडे जवळपास सारखे आणि चांगले. ती तशीच बॉनेटवर हात टेकून उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"दाब कुठून सुटत नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठणठणीत आहेत. वरच्या व्हॉल्व्हची रबरी सीलं कडक झालीत, तिथून तेल आत उतरतंय. वरचं झाकण काढून बदलता येतील. इंजिन उघडायची गरज नाही."

मला राहवलं नाही. "तरी उघड ना! बाबा तयार, उस्ताद तयार. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," ती कडाडली. "गरज नसताना त्याचं इंजिन फाडू? टेबलासाठी?" बरोबरच होतं तिचं, मला लाज वाटली.

व्हॉल्व्ह आत पडू नयेत म्हणून प्लगच्या भोकातून तिने दोरी कोंबली आणि दीड दिवसात सगळी सीलं बदलली. वडील शेजारी स्टुलावर बसून होते. धूर गेला. गाडी तपासणीतून पहिल्या फेरीत सुटली. "यापुढे चालू केलीस की अर्धं मिनिट थांब आणि हळू निघ," आत्याने बजावलं. "थंडीत?" "थंडीतसुद्धा!" ते त्यांनी जड मनाने मान्य केलं. तीनदा ॲक्सिलरेटर दाबणं मात्र सोडलं नाही.

"उघडलंस का इंजिन?" उस्तादांनी विचारलं.

"नाही."

"मग अट राहिली."

"माहीत आहे," आत्या म्हणाली आणि परातीपाशी जाऊन बसली. त्या दिवशी मला उस्तादांचा मनस्वी राग आला.

महिन्याभराने मीटर आपली टॅक्सी घेऊन आला. चढावर ओढत नव्हती, धुराचा लोट मागे.

"उस्ताद आत आहेत," आत्या म्हणाली.

"उस्ताद नकोत. तू बघ. सख्ख्या भावाचं इंजिन हातात आलेलं, तरी उघडलं नाहीस. सगळा स्टँड तेच बोलतोय."

आत्याने हात पुसले. दाब मोजला. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा निम्म्यावर. प्लगच्या भोकात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं, तर तेलाने फट बुजून आकडा चढला. म्हणजे रिंगाच गेल्या होत्या. तिने मीटरकडे सरळ बघितलं. "हे उघडावंच लागेल."

मीटर गप्प झाला. चांगला मिनिटभर. मग त्याने किल्ली पुढे केली. "तू म्हणतेस ना? उघड."

आत्याने वळून उस्तादांकडे पाहिलं. त्यांनी लोखंडी टेबलावरून आपला चहाचा कप उचलला, खांद्यावरचं फडकं काढलं आणि टेबल पुसायला घेतलं.